मत्स्यबीजाचें कूळ आणि मूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ऋषि आणि नदी यांच्यापुरती ती खरी असेल. परंतु शेतकऱ्याला ती सर्वत्र लावून चालत नाहीं. ज्वारीचें बियाणें घेतांना आपण तें कोणाच्या शेतांतलें हें विचारतों. बैल घेतांना तो कोणाच्या दावणीचा हें विचारतों. जमीन घेतांना तर सात-बाराचा उतारा, फेरफार व मागील नोंदी पाहिल्यावांचून इसाराची रक्कम कोणी पुढें करीत नाहीं. असें असतां शेततळ्यांत सोडण्यासाठीं माशाचें बीज घेतांना मात्र हाच चौकस शेतकरी मुकाट्यानें पैसे मोजतो आणि प्लास्टिकची पिशवी घरीं आणतो. तिच्यांत काय आहे, तें कोठें जन्मलें, त्याचे आईबाप कोण, हे प्रश्न त्याच्या मनांतही येत नाहींत. आमच्याही मनांत ते आले नव्हते, आणि त्याचें फळ आम्हांस भोगावें लागलें. तें प्रथम सांगून, ज्या शास्त्रज्ञाच्या श्रमामुळें हे प्रश्न विचारण्याची सोय आज आपणांस झाली आहे, त्यांच्या कामाची माहिती वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

आमची फसगत

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्त झालों आणि धाकट्या बंधूंजवळ वडिलोपार्जित शेतीवर राहावयास आलों. आमचें गांव पर्जन्यछायेच्या पट्ट्यांत मोडतें. बंधूंनीं डाळिंबाच्या बागेसाठीं एक शेततळें करून घेतलें होतें. लांबी ३० मीटर, रुंदी ३० मीटर, आंत प्लास्टिकचें अस्तर. उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत त्यांत पाणी टिकतें. एवढें पाणी वर्षभर उभें आहे, तर त्यांत मासे कां सोडूं नयेत, असें आम्हीं सुचविलें. सूचना आमची असल्यामुळें पुढील दोषही आमचाच.

पावसाळ्यांत एक विक्रेता गाडी घेऊन गांवांत आला. बीज थेट कलकत्त्याचें आहे, कटला व रोहू आहे, निवडक आहे, असें त्यानें सांगितलें. पिशवींत बोटाच्या पेराएवढे चंदेरी जीव वळवळत होते. त्यांतला कटला कोणता व रोहू कोणता हें ओळखण्याइतकें ज्ञान आम्हांस नव्हतें, आणि तें नाहीं हें कबूल करण्याइतका मोकळेपणाही नव्हता. एक हजार नग मोजून घेतले; पावती मागितली नाहीं. ज्या माणसानें आयुष्यभर दुसऱ्यांना 'दाखला आणा, उतारा आणा' म्हणून परत पाठविलें, त्यानें स्वतःचा व्यवहार मात्र एका परक्याच्या शब्दावर केला.

दहा महिने बंधूंनीं नेमानें भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड तळ्यांत घातली. वैशाखांत जाळें ओढलें, तेव्हां हजारांपैकीं दीडशेंच्या आंत मासे हातीं लागले. त्यांत कटला एकही नव्हता. बरेचसे सायप्रिनस होते, कांहीं वीतभरही न वाढलेले, ज्यांचें नांव कोणास सांगतां येईना, असे होते. आणि हातभर लांबीच्या सहा मरळी होत्या. मरळ ही दुसरे मासे खाऊन जगणारी जात. बाकीचें पीक कोठें गेलें हें कळण्यास पंचनाम्याची गरज उरली नाहीं.

बंधूंनीं जाळें कांठावर टाकलें व ते म्हणाले, "दादा, कागदावर सगळं बरोबर होतं तुमचं. पण आता पुरे. पाणी डाळिंबासाठी आहे, ते डाळिंबालाच राहू द्या." पेंडीचे पैसे त्यांच्या कांद्याच्या पट्टींतून गेले होते, आणि दहा महिने सकाळ-संध्याकाळ तळ्यावर जाण्याचे श्रमही त्यांचेच होते. त्यांच्या बोलण्यांत रागापेक्षां खेद अधिक होता, म्हणूनच तें आमच्या मनाला अधिक लागलें.

चूक कोठें झाली हें शोधण्यासाठीं आम्ही या विषयावरील पुस्तकें वाचूं लागलों व जाणत्यांना विचारूं लागलों. तेव्हां कळलें कीं, 'कलकत्त्याचें बीज' या दोन शब्दांमागें एक मोठा इतिहास आहे, आणि १९५७ सालीं एका शास्त्रज्ञानें तो इतिहास पालटून टाकला आहे.

नदीच्या हवालीं असलेला धंदा

कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्या देशांतील तळ्यांत पाळण्याचे तीन मुख्य मासे. तिघेही एकाच कुळांतले. पण त्यांच्या जेवणाच्या जागा वेगळ्या. कटला पाण्याच्या वरच्या थरांतील सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरांत चरतो आणि मृगळ तळाशीं कुजलेल्या पालापाचोळ्यावर गुजराण करतो. तीन भाऊ एका घरांत राहून वेगवेगळ्या चुलींवर जेवावेत तसें हें आहे. म्हणून एकाच तळ्यांत तिघे सुखानें नांदतात आणि पाण्याचा कोणताही थर वायां जात नाहीं.

परंतु या माशांची एक मोठी अडचण होती. सांचलेल्या पाण्यांत ते वाढतात, वयांत येतात, मादीच्या पोटांत लाखांनीं अंडीं भरतात. पण तीं अंडीं ती तळ्यांत घालीत नाहीं. त्यासाठीं तिला पावसाळ्यांत चढणारें, वाहणारें, नदीच्या कांठावरील उथळ जमिनींत पसरणारें पाणी लागतें. त्यामुळें बीज मिळविण्याचा एकच मोठा मार्ग होता, तो म्हणजे नदी. गंगा व तिच्या शाखांना पूर आला म्हणजे बंगालचे कोळी बारीक विणीचीं शंकूच्या आकाराचीं जाळीं प्रवाहांत लावीत व वाहत येणारे केसाएवढे जिरे धरीत. हे जिरे मातीच्या हंड्यांतून कलकत्त्याच्या बाजारांत येत व तेथून आगगाडीनें निरनिराळ्या प्रांतांत जात. वाटेंत पाण्यांतील प्राणवायु संपूं नये म्हणून बरोबरचा माणूस हंडी सारखी हालवीत बसे. तरीही कितीतरी बीज वाटेंतच मरे.

जें जगे, तें तरी काय होतें? नदीच्या जाळ्यांत कटला येई, तसे त्याला खाणारेही येत. त्या वयांत सर्वांचीं रूपें सारखींच. निवड कोण करणार? शिवाय पूर लवकर आला कीं उशिरां, बीज भरपूर मिळालें कीं मुळींच नाहीं, हें सर्व दैवाधीन. ज्या शेतकऱ्याला आपलें बियाणें दरवर्षीं दुसऱ्या प्रांतांतील नदीच्या पुरांतून गाळून आणावें लागतें, त्याची शेती कधींच शेती होऊं शकत नाहीं. तो जुगार होतो.

मादी अंडीं कां घालीत नाहीं?

या प्रश्नाचें उत्तर माशाच्या पोटांत नसून डोक्यांत आहे. आमच्या जुन्या कचेरीच्या भाषेंत सांगावयाचें तर, अर्ज आलेला आहे, चौकशी झालेली आहे, सर्व कागद जोडलेले आहेत, फक्त वरून हुकूम यावयाचा राहिला आहे, अशी पिकलेल्या मादीची स्थिति असते. हा हुकूम देणारी कचेरी म्हणजे मेंदूच्या खालच्या बाजूस असलेली एक लहानशी ग्रंथि. तिला पीयूषिका म्हणतात. आपल्या शरीरांतही ती आहे, गाईच्या आहे, माशाच्याही आहे. माशाची पीयूषिका केवळ बाजरीच्या दाण्याएवढी असते. तिच्यांतून पाझरणारा रस रक्तांत मिसळून अंडाशयाला पोंचला म्हणजे अंड्याची शेवटची वाढ पुरी होते व तें सुटें होतें.

नदींत पावसाचें पाणी चढूं लागलें, प्रवाहाचा वेग वाढला, पाण्याची उष्णता बदलली, म्हणजे त्या खुणा मेंदूला पोंचतात; मेंदु पीयूषिकेला चेतवितो व ती हुकूम सोडते. तळ्यांतील संथ पाण्यांत या खुणाच नसतात. मेंदु गप्प राहतो, इतकेंच नव्हे तर पीयूषिकेला आंवरून धरणारें एक द्रव्यही तो सोडीत असतो. मग हंगाम निघून जातो, आणि पोटांतील अंडीं शरीरांतच जिरून जातात. बंगालांतील बांकुरा व मेदिनीपूर या भागांत बांध घातलेले असे कांहीं तलाव आहेत, कीं पावसाचें पाणी जोरानें आंत शिरलें म्हणजे तेथें मासे अंडीं घालतात. म्हणजे दोष माशांत नव्हता, तळ्यांतही नव्हता. मधल्या निरोपांत होता.

पीयूषिकेच्या अंगीं ही शक्ति आहे हें प्रथम परदेशांत दिसून आलें. दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिना देशांत हूसे या शास्त्रज्ञानें १९३० च्या सुमारास एका माशाच्या पीयूषिकेचा अर्क दुसऱ्या माशाला टोंचून प्रयोग केले. याच ग्रंथीच्या दुसऱ्या एका कार्यावरील संशोधनासाठीं त्यांना १९४७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शेजारच्या ब्राझील देशांत फॉन इहेरिंग यांनीं १९३४ च्या सुमारास ही युक्ति मासे पाळण्याच्या कामीं लावली. आपल्याकडे पंजाबांत हमीद खान यांनीं १९३८ सालीं सस्तन प्राण्याच्या पीयूषिकेचा अर्क मृगळाला टोंचून पाहिला. दिशा बरोबर होती, परंतु त्यांतून शेतकऱ्याच्या हातीं देतां येईल अशी पद्धति निघाली नाहीं.

अंगुल येथील आषाढ

तें काम डॉ. हिरालाल चौधरी यांच्या हातून व्हावयाचें होतें. त्यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९२१ रोजीं सिल्हेट भागांत झाला. तो आज बांगला देशांत आहे. कलकत्ता विश्वविद्यालयांत प्राणिशास्त्राचा अभ्यास करून ते बराकपूर येथील मध्यवर्ती मत्स्यसंशोधन केंद्राच्या सेवेंत दाखल झाले. हें केंद्र १९४७ सालीं निघालें, व तळ्यांतील मासेमारीचा अभ्यास करणारी त्याची शाखा ओडिशांतील कटक येथें होती.

चौधरी यांनीं मोठ्या माशापासून आरंभ केला नाहीं. १९५५ सालीं त्यांनीं एक अगदीं चिमुकला मासा घेतला, ज्याला बाजारांत कोणी विचारीत नाहीं, आणि त्याला कटल्याच्या पीयूषिकेचा अर्क टोंचला. त्यानें अंडीं दिलीं. माशाच्या अंगीं चालेल तो अर्क माशाचाच असावा, हें यावरून दिसूं लागलें. मग कटक येथील शाखेंत अलिकुन्ही या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या सोबतीनें मोठ्या माशांवर प्रयोग सुरू झाले. आणि १० जुलै १९५७ रोजीं, भर पावसाळ्यांत, अंगुल येथें पोसलेल्या माशांनीं संथ पाण्यांत अंडीं घातलीं. त्या हंगामांत मृगळ व रोहू या जातींत यश आलें. कटला अधिक हट्टी निघाला, पण पुढें तोही वळला. दोघांनीं त्याच सालीं आपल्या निरीक्षणांचा लेख प्रसिद्ध केला.

वाचक विचारतील, जें हूसे यांना माहीत होतें, इहेरिंग यांनीं केलें होतें, त्यांत चौधरी यांनीं नवें काय केलें? आमच्या मतें उत्तर असें आहे. ग्रंथींत शक्ति आहे हें ठाऊक असणें वेगळें, आणि कोणत्या माशाची ग्रंथि, किती, केव्हां व किती वेळां हें ठरवून तें कोणाही प्रशिक्षित माणसाला करतां येईल असें करणें वेगळें. खत चांगलें असतें हें सर्वांस ठाऊक आहे. एकरीं किती व कोणत्या पाळीला, हें सांगणारा मनुष्य शेतकऱ्याचा खरा उपकारकर्ता.

पुढें जी पद्धति स्थिरावली ती अशी. पिकलेल्या ताज्या माशाच्या डोक्यांतून पीयूषिका काढून शुद्ध मद्यार्कांत काळ्या बाटलींत ठेवावयाची. कामाच्या वेळीं ती तोलून, खलून, पाण्यांत कालवून वरचा निवळ अर्क घ्यावयाचा. मादीला तिच्या वजनाच्या दर किलोला २ ते ३ मिलिग्रॅम ग्रंथि या प्रमाणांत पहिलें इंजेक्शन. सहा तासांनीं तिलाच दर किलोला ५ ते ८ मिलिग्रॅमचें दुसरें. त्याच वेळीं नराला दर किलोला २ ते ३ मिलिग्रॅम. मग एक मादी व दोन नर बारीक कापडाच्या 'हाप्या'त, म्हणजे पाण्यांत चार खुंट्यांवर ताणलेल्या कापडी पेटींत, सोडावयाचे. दुसऱ्या इंजेक्शनानंतर तीन ते सहा तासांत अंडीं पडतात. पहिल्या लहान मात्रेनें अंडें तयारीला लागतें, दुसऱ्या मोठ्या मात्रेनें सुटतें; पुराचें पाणीही नदींत एकदम न चढतां असेंच टप्प्याटप्प्यानें चढतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ग्रंथीसाठीं निराळे मासे मारण्याचीही गरज नव्हती. मासळीबाजारांत विकलेल्या माशांचीं डोकीं असतातच.

या पद्धतीचा लाभ केवळ तीन देशी माशांपुरता राहिला नाहीं. १९५९ सालीं चंदेरी व गवत्या हे दोन मासे बाहेरून भारतांत आणले गेले. तेही तळ्यांत आपणहून अंडीं घालीत नाहींत. पीयूषिकेचें इंजेक्शन नसतें तर त्यांचा वंश येथें वाढला नसता. देशी तीन व परदेशी तीन अशा सहा जाती एकत्र पाळण्याचे देशव्यापी प्रयोग १९७१ सालीं सुरू झाले, त्यांचा पायाही हाच. डॉ. चौधरी यांनीं पुढें फिलिपाईन्समध्येंही काम केलें. १२ सप्टेंबर २०१४ रोजीं ते निवर्तले. १० जुलै हा दिवस २००१ पासून आपल्या देशांत राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

बीजकेंद्रावरील एक रात्र

हें सर्व वाचून झाल्यावर आम्हीं बंधूंना फक्त एक विनंति केली, कीं तळें बंद करण्यापूर्वीं बीज कसें होतें तें एकदां डोळ्यांनीं पाहावें. आषाढांत आम्ही दोघे जिल्ह्यांतील एका बीजकेंद्रावर संध्याकाळीं पोंचलों. तेथील वृद्ध कामगारानें आम्हीं पूर्वीं कचेरींत होतों असें कळतांच 'या भाऊसाहेब' म्हणून बाज टाकली, आणि आपलें काम चालूं ठेवलें.

कापडी हापे आतां तेथें नव्हते. चिनी पद्धतीचें सिमेंटचें गोल टांकें होतें, त्यांत पाणी सारखें फिरत होतें व वरून फवारा पडत होता. ग्रंथीचा अर्कही क्वचितच वापरतात. तिच्याऐवजीं तयार औषध मिळतें, त्यांत दोन द्रव्यें असतात. एक पीयूषिकेला चेतविणारें, दुसरें मेंदूचा आंवर सोडविणारें. एकाच इंजेक्शनांत काम होतें. कामगारानें ओल्या फडक्यांत मादी धरली. तिचें पोट फुगलेलें व मऊ होतें. नराचा छातीचा पर त्यानें बंधूंच्या बोटांना लावून दाखविला. तो खरखरीत लागला, मादीचा गुळगुळीत. नराचें पोट किंचित् दाबतांच दुधासारखें रेत आलें. मग शेपटीजवळच्या मांसांत इंजेक्शन दिलें आणि मासे टांक्यांत सोडले.

रात्रभर पाऊस भुरभुरत होता. पहांटेच्या सुमारास पाण्यांत एकाएकीं खळबळ उडाली. नर मादीच्या पाठीं लागले, पाणी उसळूं लागलें. उजाडल्यावर पाहतों तों टांक्यांतील पाणी साबुदाण्याच्या खिरीसारखें दिसत होतें. फुगलेलीं, पारदर्शक, लाखों अंडीं पाण्याबरोबर फिरत होतीं. बंधूंनीं ओंजळ भरून घेतली व बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं कामगाराला विचारलें, "बाबा, ही मादी कुठली?"

त्याला प्रश्न आवडला असावा. तो म्हणाला, "हे विचारणारा गिऱ्हाईक वर्षातून एखादाच येतो."

माशांचें सगोत्र

त्या प्रश्नाचें महत्त्व आम्हांस नंतर कळलें. एक मादी लाखावर अंडीं देते. म्हणून केंद्राचें सगळें काम थोड्याशा माद्यांवर भागतें. सोयीसाठीं त्यांच्याच पिलांतून पुढले आईबाप निवडले, त्यांच्या पिलांतून त्यापुढले, असें चालूं राहिलें म्हणजे तें सगळें बीज एकाच गोत्राचें होतें. सगोत्र विवाहाचा निषेध आपल्या पूर्वजांनीं केला आहे. वळू बदलण्याची चाल गवळ्यांतही आहे. माशांच्या बाबतींत मात्र हा विचार राहून जातो. एकनाथ व डॉईल या शास्त्रज्ञांनीं कर्नाटकांतील बीजकेंद्रांचा अभ्यास करून १९९० सालीं दाखवून दिलें कीं, तेथें रक्ताच्या नात्यांतील संकर वेगानें वाढत होता. अशा बीजाची वाढ खुंटते, तें रोगाला लवकर बळी पडतें, आणि शेतकरी दोष पेंडीला व पाण्याला देत बसतो.

उलट बाजूही पाहावी. भुवनेश्वरजवळील कौशल्यागंगा येथील केंद्रीय संस्थेंत निरनिराळ्या नद्यांतील रोहू आणून, त्यांतील वेगानें वाढणारे निवडून एक सुधारलेला वाण तयार करण्यांत आला. १९९७ सालीं स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्याला 'जयंती' हें नांव मिळालें. म्हणजे आईबाप निवडणें आतां मनुष्याच्या हातांत आहे. नदींतून बीज येत होतें तेव्हां त्याचें कूळ विचारण्यांत अर्थच नव्हता. नदी उत्तर देत नाहीं. बीज टांक्यांत जन्मूं लागल्यापासून त्याला जन्मस्थान आहे, जन्मतारीख आहे, आईबाप आहेत. चौधरी यांनीं शेतकऱ्याला नुसतें बीज दिलें नाहीं, तर बीजाविषयीं जाब विचारण्याचा हक्क दिला. तो हक्क न बजावतां पिशवी उचलणें म्हणजे त्यांचे श्रम फुकट घालविणें होय.

घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावयाच्या गोष्टी

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. तथापि दोनदां तळें भरून जें शिकलों तें येथें देतों.

(१) बीज फिरत्या विक्रेत्याकडून न घेतां बीजकेंद्रावर जाऊन घ्यावें. जात, जन्माची तारीख, नग व किंमत यांची पावती घ्यावी. आईबाप कोठले व किती वर्षांपूर्वीं बदलले, हें विचारावें.

(२) अंड्यांतून चौदा ते वीस तासांत जिरे बाहेर येतात. पुढचे तीन दिवस ते पोटांतील बलकावर जगतात. त्या वयाचे जिरे नवख्यानें घेऊं नयेत. पेराएवढें मत्स्यबीज मिळतें, त्याहूनही हाताच्या बोटाएवढी बोटुकली घ्यावी. पैसे अधिक पडतात, पण बोटुकलीची जात ओळखतां येते व ती सहसा मरत नाहीं. कटल्याचें डोकें शरीराच्या मानानें मोठें व तोंड वर वळलेलें असतें. रोहूचें तोंड खालीं व ओंठ झालरीसारखे असतात.

(३) मातीच्या तळ्यांत जुने मासे, विशेषतः मरळ, राहिलेले नाहींत याची खात्री करावी. शक्य तर तळें आटवावें. नाहीं तर मोहाची पेंड हेक्टरीं सुमारें २५०० किलो घालावी, तिनें जुने मासे मरतात. तिचा विषार उतरण्यास दोन-तीन आठवडे लागतात, तोंपर्यंत बीज सोडूं नये.

(४) हेक्टरीं पांच ते दहा हजार बोटुकली पुरे. तीन देशी जाती असतील तर कटला ४, रोहू ३, मृगळ ३ हें प्रमाण ठेवावें. प्लास्टिकचें अस्तर असलेल्या तळ्यांत तळाला गाळ नसतो, म्हणून तेथें मृगळ कमी करावा व खाद्याकडे अधिक लक्ष द्यावें.

(५) पिशवी आणल्यावर लगेच उघडूं नये. ती पंधरा-वीस मिनिटें तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तळ्याचें पाणी थोडें थोडें तींत घ्यावें, आणि बीज आपण होऊन बाहेर जाऊं द्यावें. एकदम ओतल्यास पाण्याच्या उष्णतेंतील फरकानें तें मरतें.

(६) भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड समभाग भिजवून रोज ठराविक वेळीं, ठराविक जागीं द्यावी. मोठ्या माशांना त्यांच्या एकूण वजनाच्या शेंकडा २ ते ३ इतकें खाद्य पुरतें. अधिक घातलें तर तें कुजतें व प्राणवायु खातें.

(७) ढगाळ दिवसानंतरच्या पहांटे तळ्यावर अवश्य जावें. मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडीत असतील तर पाण्यांतील प्राणवायु संपत आला आहे असें समजावें. खाद्य व शेण ताबडतोब बंद करावें आणि पंपानें ताजें पाणी उंचावरून सोडावें.

(८) हिंवाळ्यांत अंगावर लाल व्रण दिसल्यास हयगय करूं नये. हा बुरशीसारख्या जीवापासून होणारा रोग १९८८ च्या सुमारास आपल्या देशांत शिरला आहे. तशा वेळीं मत्स्यखात्याच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. आणि एका तळ्याचें जाळें दुसऱ्या तळ्यांत उन्हांत वाळविल्याशिवाय घालूं नये.

समारोप

त्या वर्षीं बंधूंनीं बीजकेंद्रावरून नऊशें बोटुकली आणली. पुढच्या वैशाखांत सहाशेंवर मासे निघाले. बहुतेक पाऊण किलोचे, कांहीं कटले किलोच्या वर. पहिल्या वर्षाचा तोटा भरून थोडें शिल्लक राहिलें. ही रक्कम कोणाचे डोळे दिपविण्याजोगी नाहीं, आणि ती तशी आहे असें सांगून वाचकांस भुलविण्याची आमची इच्छाही नाहीं. परंतु जें पाणी डाळिंबाला जावयाचें तें डाळिंबाला गेलेंच, आणि जातां जातां एक पीक अधिक देऊन गेलें.

गेल्या पावसाळ्यांत तोच विक्रेता, किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी, गाडी घेऊन गांवांत आला होता. आमचे बंधु गाडीपाशीं गेले व त्यांनीं शांतपणें विचारलें, "जन्म कुठला, तारीख कोणती, मादी कुणाची?" विक्रेत्यानें गाडी पुढच्या गांवाकडे नेली. घरीं येऊन बंधु आम्हांस म्हणाले, "दादा, उतारा मागितला. नव्हता त्याच्याकडे."

सभासद शेतकऱ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. येत्या १० जुलैला, पाऊस असो वा नसो, आपल्या जिल्ह्यांतील बीजकेंद्रावर एकदां जाऊन यावें. अंगुलच्या त्या आषाढांत जें घडलें तें आज आपल्या दाराशीं घडत आहे. तें पाहून झाल्यावर ऋषीचें कूळ खुशाल विचारूं नये. माशाचें मात्र विचारल्यावांचून राहूं नये.